गावंड्यांचं तोरण

पोळ्याच्या दिवशी दोन माणसांच्या घरात पुरण किती शिजवावं, हे वच्छलाबाई गावंड्यांना अजून जमलेलं नव्हतं. हात सवयीनं डब्यात जाई आणि हरभऱ्याची डाळ पातेलंभर होई. एवढं कोण खाणार, असं त्या स्वतःलाच विचारत, पण काढलेली डाळ परत डब्यात टाकायला मन घेत नसे. सणाच्या दिवशी डाळ मागं घेणं म्हणजे येणाऱ्याला दारातून परत पाठवणं. आता येणारं कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान जानराव आरशासमोर उभे राहून फेटा बांधत होते. तिसऱ्यांदा बांधत होते. शेवटचा पेच दर वेळी कानावर घसरायचा. इतकी वर्षं त्यांचा फेटा सालदार श्रावणच बांधून द्यायचा, त्यामुळे हाताला सवय कधी लागलीच नव्हती. वच्छलाबाईंनी हात धुतले, पुढं होऊन पेच नीट खोचून दिला. जानरावांनी काठी घेतली, चपला घातल्या आणि फाटकातून आखराकडं, गुरं जमायच्या मैदानाकडं निघाले. एकटेच. मागं बैल नव्हते.

करंजखेड पूर्णेच्या काठचं, खारपाण पट्ट्यातलं गाव. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, माती मात्र अशी काळी की पायाला लागली तर सोडत नाही. वच्छलाबाई इथं आल्या त्या अकोल्याच्या जुन्या शहरातून. मोर्णेच्या पलीकडच्या गल्लीत घराला घर लागलेलं. एकीनं फोडणी दिली की दुसरीला ठसका लागायचा, आणि तिसरी खिडकीतून विचारायची, काय केलं आज. अशा गल्लीतून त्या पाटलाच्या ऐसपैस आवारात आल्या तेव्हा पहिले काही महिने त्यांना आपल्याच बांगड्यांचा आवाज मोठा वाटायचा.

मग पहिला पोळा आला. आखरावर तोरण तुटलं आणि गावातली सगळ्यात पहिली जोडी त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ. हातात ताट घेतलेली नवी सून दोन पावलं मागं सरली. अकोल्याच्या गल्लीत तिनं बैल पाहिला होता तो गाडीला जुंपलेला, लांबून. तेव्हा सालदाराची बायको इंदूबाई पुढं झाली. तिनं वच्छलाबाईंचं मनगट धरलं आणि तसंच बैलाच्या कपाळावर नेऊन कुंकू टेकवलं. "भेता काय बाई? थो तुमच्यापेक्षा लाजाळू हाये," असं म्हणून हसली. त्या दिवसापासून इंदूबाई ही वच्छलाबाईंची गल्ली झाली. ठसका लागला की विचारणारं एक माणूस.

श्रावण म्हणजे इंदूबाईचा नवरा. गावंड्यांकडं साल धरलं तेव्हा मिसरूड फुटायचं होतं, सोडलं तेव्हा केस पिकले होते. बैल वळवावे ते त्यानं. पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदमळणी असायची. पळसाचं पान तुपाहळदीत बुडवून तो जोडीचे खांदे चोळायचा आणि त्यांच्या कानाशी लागून उद्याचं आवतण द्यायचा. आवतण दिल्याशिवाय बैल जेवायला येत नाही, ही त्या भागातली रीत. जानराव शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "नीट सांग रे. गावंड्यांचं आवतण हाये, सोयऱ्याधायऱ्याचं नाही."

जानरावांचं सगळं त्या वाक्यात होतं. पाटीलकी कायद्यानं जाऊन जमाना लोटला, पण करंजखेडात पोळ्याचा पहिला मान गावंड्यांच्या जोडीकडं राहिला होता. आखरावर दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, सगळ्या गावानं आपापल्या जोड्या घेऊन मागं थांबायचं, गावंड्यांची जोडी खालून जाऊन तोरण तुटलं की मग बाकीच्यांनी निघायचं. वर्षातून एक दिवस, तोही तिसऱ्या प्रहरी, घटकाभर. पण जानराव उरलेलं वर्ष त्या घटकेवर जगायचे. लग्नाच्या पंगतीत पहिलं पान आपल्यापुढं पडलं नाही म्हणून ते उठून आले होते. ग्रामपंचायतीला उभे राहिले तेव्हा मत मागायला कोणाच्या दारात गेले नाहीत. राजा कुठं दारोदार हिंडतो का, असं म्हणाले आणि पडले. लोक तरी त्यांना धरून होते. माणूस तापट, पण अडीअडचणीला धावणारा, हे गावाला माहीत होतं.

ट्रॅक्टर आला तशी दावण रिकामी होत गेली. मुलगा गोपाल अमरावतीला शिकवणीच्या क्लासमध्ये शिकवायला लागला होता. शेतात हात कमी पडत होते. शेवटची जोडी राहिली, शेलार आणि पाखऱ्या. ती कोणाला द्यायची, असा प्रश्न आला तेव्हा श्रावणनं मागितली. तोवर त्यानं थोडीशी जमीन केली होती. जानरावांनी जोडी त्याला दिली आणि चांगलं केलं, असं वच्छलाबाईंना मनापासून वाटलं. बैल जिथल्या तिथं राहिले, नुसतं दोन गल्ल्या पलीकडं.

आणि पोळ्याचं काय? ते कोणी बोललंच नाही. पोळ्याच्या सकाळी श्रावण जोडी धुऊन गावंड्यांच्या आवारात आणायचा. पेटीतली जुनी झूल निघायची. कासरा जानरावांच्या हातात, श्रावण बाजूनं. तोरण तुटायच्या आधी झडत्या व्हायच्या. पोळ्यात एकानं उभं राहून यमक जुळवत कोणाला चढवायचं, कोणाला चिमटे काढायचे आणि गावानं जयघोष करायचा. श्रावणचा त्यात हातखंडा. तो दर वर्षी पाटलावर नवी झडती बांधायचा. अशी चार-पाच वर्षं सुखानं गेली. गावाला ठाऊक होतं जोडी कोणाची ते, आणि मान कोणाचा ते. दोन्ही गोष्टी एकमेकीला न ढकलता एका दोरीवर वाळत होत्या.

मग माईक आला. नव्यानं निवडून आलेला नितेश सरपंच हौशी, त्यानं आखरावर कर्णे लावले आणि कोणाची जोडी आली हे पुकारायला अकोल्याहून एक माणूस आणला. त्या बिचाऱ्याला इथलं काय ठाऊक. त्यानं कोणाला तरी विचारलं, हे बैल कोणाचे, आणि खरं ते पुकारलं. "मानाची पहिली जोडी, श्रावणभाऊ वानखडे!"

स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता वच्छलाबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा हात थांबला. पुढचं त्यांना इंदूबाईनं सांगितलं. श्रावणनं लगेच हात जोडले. म्हणाला, मालक, त्याले काय समजते, जोडी तुमचीच. गर्दीतली माणसंही म्हणाली, जाऊ द्या पाटील. जाऊ देता आलं असतं. नुसतं हसले असते तरी पुरलं असतं. पण जानराव पुढं झाले आणि त्यांनी भर आखरावर शेलारच्या अंगावरची झूल स्वतःच्या हातानं ओढून काढली. पाखऱ्याचीही काढली.

"बैल घेतले म्हणून तू गावंडे झाला नाही, श्रावण," ते म्हणाले. "बैलाले कोन पुसते? मान मालकाले असते."

झूल काढताना शेलारनं त्यांचा हात चाटला, काही खायला मिळेल म्हणून. एवढं इंदूबाईनं सांगितलं. ती मग बराच वेळ पदरानं ओट्यावरची नसलेली धूळ पुसत बसली. जाताना म्हणाली, "येतो बाई." नंतर ती आली नाही.

वच्छलाबाईंनी नवऱ्याला समजावून पाहिलं. भांडून नाही, त्यांचा तो स्वभाव नव्हे. जेवताना, पाणी देताना, एखादा शब्द टाकून. श्रावणले एकदा बोलावून घ्या ना. जानराव म्हणत, त्यानं यावं. राखीपौर्णिमेला गोपाल आला, त्यानंही विषय काढला. "बाबा, चूक त्या माईकवाल्याची होती. श्रावणकाकाची काय?" तर जानरावांनी ताटावरून उठत विचारलं, "माह्या घरात मलेच शिकवून राह्यला का तू? तुह्या क्लासात शिकव." गोपाल त्याच संध्याकाळी अमरावतीला गेला. मग सून पौर्णिमाच फोन करायची, रविवारी, सासरे फिरायला गेले असतील असा अंदाज घेऊन. इकडं या आई काही दिवस, म्हणायची. येते येते, असं वच्छलाबाई म्हणायच्या. जायच्या मात्र नाहीत. त्या गेल्या तर या माणसाशी बोलायला भिंतीच उरल्या असत्या.

दुसऱ्या वर्षी जानरावांनी मूर्तिजापूरकडच्या एका गाडीवानाची जोडी भाड्यानं आणली. पांढरीशुभ्र, उंच, डोळे दिपतील अशी. पोळ्याच्या सकाळीच टेम्पोतून उतरवली. वच्छलाबाई म्हणाल्या, आदल्या सांजेला आणायला हवी होती, खांदे मळले असते, आवतण दिलं असतं, जनावराला घर तरी समजलं असतं. जानरावांनी झूल झटकत म्हटलं, "तोरणाखालून जायाले काय आवतन लागते?"

लागतं, हे आखरावर कळलं. ते बैल रस्त्यावर मालाची गाडी ओढणारे. त्यांना डफडं माहीत नव्हतं, कर्णे माहीत नव्हते, शंभर माणसांचा जयघोष माहीत नव्हता. तोरणाची पानं कपाळाला लागली मात्र, आणि डावीकडच्यानं बसकण मारली. ऐन तोरणाखाली. ओढलं, उठवलं, शेपटी पिरगाळली, पाणी मारलं. बैल डोळे मिटून बसला तो बसलाच. मागं सगळ्या गावाच्या जोड्या खोळंबल्या. पहिली जोडी गेल्याशिवाय दुसरी जायची नाही, ही रीत. ऊन कलायला लागलं. सकाळपासून उपाशी बैल शिंगं हालवू लागले, पोरं कंटाळून रडू लागली.

तेव्हा गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी मधला मार्ग काढला. श्रावणची जोडी पुढं घ्या, कासरा पाटलांच्या हातात द्या, झूल पाटलांची घाला. शेलार-पाखऱ्याला वाट पाठ आहे, ते डोळे झाकून जातील. श्रावण जोडी घेऊन पुढं आला होता, म्हणतात. कासरा त्यानं पुढं धरलाही होता. जानरावांनी नुसता हात लांब करायचा होता.

"माह्या जोडीच्या आधी या तोरणाखालून माशीबी जायाची नाही," जानराव म्हणाले.

कर्ण्यांवरून हे वच्छलाबाईंना घरात ऐकू आलं. त्यांनी गॅस बंद केला. मग कर्ण्यावर थोडी खरखर झाली आणि नितेशचा आवाज आला. झडती म्हणायच्या चढ्या सुरात.

"तोरण बांधलं आखरावर, गाव झालं गोळा,
पाटलाच्या दावणीवर खुंट्यांचाच पोळा.
ट्रॅक्टरले घाला झूल, धुराड्याले गोंडा,
भाड्याचा बैल बसला जसा वाटेतला धोंडा."

आणि गाव हसलं. कर्ण्यातून हसणं फार मोठं ऐकू येतं. बायामाणसं, पोरंठोरं, म्हातारे, सगळे. त्या हसण्यात एक आवाज नव्हता, तो श्रावणचा, असं इंदूबाईनं पुढं कधीतरी सांगितलं. पण त्या दिवशी वच्छलाबाईंना ते कसं कळणार. त्या ताटावर पंचा टाकून बसून राहिल्या. गाव आपापल्या जोड्या वळवून तोरणाविनाच घरी गेलं. जानराव अंधार पडल्यावर आले, फेटा हातात घेऊन.

त्यानंतर कोणी भांडलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. तसं काही झालं असतं तर एखादे वेळी मिटलंही असतं. पुढच्या वर्षी गावानं नवं तोरण ग्रामपंचायतीसमोर बांधलं. पहिली जोडी चिठ्ठी टाकून ठरवायची, एवढंच. आखरावरचे दोन खांब तसेच उभे राहिले. जानरावांनी त्यांना आपलं तोरण बांधलं. त्याखालून कोणी गेलं नाही. न तुटलेलं तोरण तिथंच सुकलं, आणि श्राद्धपक्षापर्यंत शाळेची पोरं त्याखालून पळत जायची, उडी मारून एखादं पान तोडायची.

यंदाही त्यांनी तोरण बांधून घेतलं होतं. वच्छलाबाईंनी पोळ्या केल्या, ताट वाढलं, कुंकवाची वाटी ठेवली आणि दारात येऊन बसल्या. ग्रामपंचायतीकडून जयघोष आला. मग घुंगरमाळा गल्लीत शिरल्या. एकेक जोडी एकेका दारात थांबत होती. समोरच्या दारात थांबली, कोपऱ्यावर थांबली. आवाज जवळ आला की वच्छलाबाई उठून उभ्या राहत आणि तो पुढं गेला की खाली बसत. आपल्या फाटकापाशी आले की लोक कासरा जरा आखडून घेतात, हे त्यांना दिसत होतं. रागानं नव्हे. पाटील आता कशावर चिडतील, या भीतीनं.

ताटातल्या पोळीवर माशी बसली. ती उडवता उडवता वच्छलाबाईंच्या मनात आलं, बैल दारात येत नाहीत, ठीक आहे. पण जेवायला बैलानंच यावं, असं कुठं लिहून ठेवलंय?

त्यांनी पदर नीट केला, ताटावर पंचा टाकला आणि फाटकाबाहेर पडल्या. गल्लीतल्या बाया बोलता बोलता थांबल्या. पाटलीणबाई सणाच्या दिवशी ताट घेऊन कुणाकडं चाललेल्या गावानं कधी पाहिल्या नव्हत्या. दोन गल्ल्या. वच्छलाबाईंना ते अंतर अकोल्याएवढं वाटलं.

श्रावणच्या अंगणात इंदूबाई शेण भरत होती. तिनं वर पाहिलं. हातातलं टोपलं खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

"मीच आली," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमचं जनावर तं आमच्या दारी येत नाही."

"आवतन कुठं देता तुमी," इंदूबाई म्हणाली. आवाज कडक होता. मग तिनं टोपलं ठेवलं, हात धुतले आणि ताटाखाली आपलाही हात लावला, जसा कधीकाळी मनगटाला लावला होता.

पाखऱ्या मागच्याच उन्हाळ्यात गेला होता. वच्छलाबाईंना ते कोणी कळवलं नव्हतं. शेलार एकटा खुंट्याला होता, पाठीचा कणा वर आलेला, एका डोळ्यावर पांढरा पडदा. तो यंदा पोळ्यात गेलाच नव्हता. वच्छलाबाईंनी कुंकू लावलं तेव्हा त्यानं मान खाली घेतली, पोळी हुंगली आणि तोंडात धरून तशीच राहू दिली. दात गेले होते. इंदूबाईनं सांगितल्यावर त्यांनी पोळी दुधात कुस्करली आणि ओंजळीतून भरवली. श्रावण ओसरीवर उभा होता. जवळ आला नाही. निघताना तेवढं म्हणाला, "मालक बरे हायेत ना?"

घरी आल्या तेव्हा दिवे लागले होते. जानराव ओट्यावर खुर्चीत बसले होते, फेटा डोक्यावर तसाच. रिकामं ताट त्यांनी पाहिलं. कुठं गेली होती, हे विचारलं नाही.

"खाल्लं का त्यानं?" त्यांनी विचारलं.

"दात गेले त्याचे. कुस्करून द्या लागलं."

"अन् पाखऱ्या?"

"पाखऱ्या नाही राह्यला."

जानरावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. गल्लीतून कुणाची तरी घुंगरमाळ गेली, ती पार वळणापर्यंत ऐकू आली.

"मले पुसलं का कोनी?"

"श्रावणनं. बरे हायेत का म्हने."

"तू काय म्हनलं?"

वच्छलाबाईंनी ताट खाली ठेवलं. "मी काही म्हनलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमीच सांगा जाऊन."

ते गेले नाहीत. त्या रात्रीही नाही, आणि पुढंही जातील असं वच्छलाबाईंना वाटत नव्हतं. काही माणसांना झूल ओढून काढता येते, परत घालायला मात्र हात उचलत नाही. जानरावांनी फेटा सोडला, त्याची घडी नीट जमेना तसा गोळा करून मांडीवर ठेवला आणि घरात उरलेली पोळी चव न घेता गिळली.

दुसऱ्या दिवशी, कराच्या सकाळी, गाव अजून उठायचं होतं, तेव्हा जानराव चपला घालून दारात उभे होते. "थे तोरण काढून टाका लागते," ते म्हणाले. "पोरं पानं ओरबाडतात." काढायला कोणाला सांगावं, याचा दोघांनीही क्षणभर विचार केला. सांगण्यासारखं कोणी नव्हतं. वच्छलाबाईंनी स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं.

आखरावर दवानं माती काळी झाली होती. जानराव स्टुलावर चढले, वच्छलाबाईंनी दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं. जानरावांची पोटरी त्यांच्या खांद्याला लागत होती. एका बाजूची गाठ सुटली. दुसऱ्या खांबाकडं जायचं होतं. जानराव उतरले आणि खाली बघत बाहेरच्या अंगानं, खांबाला वळसा घालून गेले.

वच्छलाबाईंनी स्टूल कमरेवर घेतलं आणि सरळ मधूनच गेल्या. तोरणाची सुटलेली बाजू त्यांच्या डोक्यावरून घसरली, दोन पानं केसांत अडकली. यंदा त्या तोरणाखालून गेलं ते एवढंच. ती पानं घरी येईपर्यंत तशीच होती. जानरावांना ती दिसत होती, पण काढ असं त्यांना म्हणता आलं नाही आणि स्वतः काढायला हातही पुढं झाला नाही.

दुपारी वच्छलाबाईंनी पौर्णिमाला फोन केला. काही विशेष नाही, म्हणाल्या. इंदूबाईकडं रोज सांजच्याला जात जाईन म्हणते, शेलारला भाकरी कुस्करून द्यायला माणूस लागतं. ओट्यावर जानराव बसले होते. फोन संपेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. तरी सांज झाली तेव्हा भाकरीचा डबा शोधायला लागला नाही. फाटकाजवळच्या कट्ट्यावर कोणीतरी आधीच आणून ठेवला होता.